एअर काढली तरी ब्रेकचं पेडल मऊच? घाट उतरण्याआधी हे तपासा

चारही चाकांची एअर काढून झाली, ब्रेक ऑइलचा एक डबा संपला, दुसरा फोडला, तरी पेडल पायाखाली स्पंजसारखं दबतंय. गॅरेजमध्ये हा प्रसंग नवा नाही. अशा वेळी बहुतेक ठिकाणी तिसऱ्यांदा एअर काढायला घेतात. त्यानेही फरक पडला नाही की 'चालवा थोडे दिवस, आपोआप बसेल' असं सांगून गाडी मालकाच्या ताब्यात देतात. शहापूर ते कॅम्प एवढ्या फिरण्यात ते पेडल निभावूनही जातं. पण तीच गाडी शनिवारी सकाळी जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायला लागते, मागे सामान आणि आत पाच माणसं. इंदूरकडच्या वाचकांनी इथे खंडवा रस्त्यावरचा भेरूघाट डोळ्यांसमोर आणावा.

नवे पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसायला थोडे किलोमीटर लागतात हे खरं. मात्र स्पंजसारखं पेडल चालवून कडक होत नाही. एअर काढण्याच्या दोन नीट फेऱ्या झाल्या आणि काहीच फरक नसेल, तर ऑइल ओतणं थांबवावं आणि मऊपणा नेमका कुठून येतोय ते शोधावं. ते शोधता येतं, आणि त्याला फार महागडी हत्यारंही लागत नाहीत.

ब्रेक ऑइल दाबाने आक्रसत नाही, हवा आक्रसते. सगळा खेळ एवढ्यावर आहे. उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या कामात असलेल्यांना हे सांगावं लागत नाही, पण किती हवेने किती बिघडतं याचा हिशोब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. छोट्या मोटारीच्या मास्टर सिलिंडरचा आतला व्यास साधारण २० मिलिमीटर धरला, तर पिस्टन एक सेंटिमीटर पुढे गेल्यावर जेमतेम तीन सीसी ऑइल ढकललं जातं. पेडलची तरफ साधारण चारास एक धरली तर त्या एका सेंटिमीटरसाठी पाय चार सेंटिमीटर खाली जातो. म्हणजे कुठेतरी एक सीसी हवा अडकली असेल, तर ती दाबली जाईपर्यंत पेडल सव्वा सेंटिमीटर जास्त जाणार. एक सीसी म्हणजे वीसेक थेंबांची जागा.

हाच हिशोब दुसऱ्या बाजूनेही लागू होतो आणि तिथेच बऱ्याच जणांची गल्लत होते. मागच्या दोन्ही ड्रममध्ये लायनर ड्रमपासून एकेक मिलिमीटर जास्त लांब राहिले, तर ते अंतर भरायलाही जवळपास एक सीसी ऑइल खर्ची पडतं. पेडल तेवढंच खाली जातं. पण तिथे हवा नाहीच, तर निघणार काय?

पेडल काय सांगतंय?

म्हणून पाना हातात घेण्याआधी पाय वापरावा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, म्हणजे बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम संपतो. त्यानंतर सावकाश दाबून बघायचं. (इंजिन चालू केल्यावर दाबून धरलेलं पेडल किंचित खाली जातं, तो बूस्टरचा नेहमीचा परिणाम आहे. त्याला दोष समजून पुन्हा एअर काढत बसणारेही आहेत.)

पेडल रबरासारखं दबतंय, पायाला उलट ढकलतंय, कडक असा थांबा कुठेच येत नाही, तर आत हवा आहे, किंवा एखादा रबरी होज पाइप दाबाखाली फुगतोय, किंवा कॅलिपरच्या स्लायडर पिना जाम होऊन कॅलिपर सरकण्याऐवजी वाकतोय. पेडल पहिल्या दाबाला खूप खाली जातं पण भरभर दोन-तीनदा मारल्यावर वर येऊन दगडासारखं घट्ट होतं, तर आधी मागच्या ड्रमकडे बघावं. आणि पेडल वर, घट्ट लागतंय, पण पाय तसाच दाबून ठेवल्यावर हळूहळू खाली सरकतंय, तर कुठेतरी ऑइल गळतंय किंवा मास्टर सिलिंडरच्या आतली रबरं निकामी झाली आहेत. या तिसऱ्या प्रकारात एअर काढून काहीही होणार नाही आणि अशी गाडी चालवूही नये.

ड्रमसाठी एक सोपी चाचणी आहे. हँडब्रेक पूर्ण ओढायचा आणि पायाचं पेडल पुन्हा दाबून बघायचं. पेडल लक्षात येण्याइतकं वर आलं, तर मागचे लायनर ड्रमपासून लांब आहेत. आतलं ॲडजस्टर गंजून जाम झालेलं असतं, किंवा लायनर बदलताना ते उलट बसवलेलं असतं, किंवा ड्रमला आत खोबणी पडलेली असते. काही मेस्त्री ॲडजस्टरला हात न लावता हँडब्रेकची केबल ताणून मोकळे होतात. हे काम उलट्या क्रमाने झालं. आधी केबल सैल करायची, ॲडजस्टरने लायनर ड्रमला हलकेच घासतील इतके जवळ आणायचे, आणि केबलचा ताण सगळ्यात शेवटी बघायचा.

पुढच्या चाकांतही असा बिनहवेचा दोष असू शकतो. व्हील बेअरिंग ढिलं असेल किंवा डिस्क वाकडी फिरत असेल, तर ती फिरता फिरता पॅडना मागे ढकलते. मग पुढचा पहिला ब्रेक खाली जातो आणि दुसरा बरोबर लागतो.

एअर काढण्यातच चूक होते ती अशी

'मार, मार, धर, सोडू नको' ही गॅरेजमधली जुनी पद्धत वाईट नाही. एकजण पेडल दाबून धरतो, दुसरा निपल सैल करतो, ऑइल आणि बुडबुडे पाइपातून बाटलीत पडतात, निपल घट्ट होतं, मगच पेडल सोडायचं. निपल उघडं असताना पेडल सुटलं की बाहेरची हवा परत आत. निपलच्या पाइपाचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं असलं तर हा धोका कमी होतो. पेडल घाईघाईने मारलं की आतल्या मोठ्या बुडबुड्याचे शंभर बारीक बुडबुडे होतात आणि ते निघता निघत नाहीत. एका दाबानंतर दोन-तीन सेकंद थांबलं तर ऑइल कमी लागतं. वरची टाकी रिकामी होऊ देणं ही तर सगळ्यात महागातली चूक, कारण मग हवा मास्टर सिलिंडरमध्येच शिरते आणि कामाला पहिल्यापासून सुरुवात.

निपलमागे व्हॅक्यूम पंप लावून एअर काढणाऱ्यांची वेगळी तक्रार असते की बुडबुडे संपतच नाहीत. त्यातले बरेच बुडबुडे ब्रेकमधले नसतातच. सैल केलेल्या निपलच्या आट्यांमधून बाहेरची हवा खेचली जात असते. पेडल कडक झालं असेल तर त्या बुडबुड्यांच्या मागे लागू नये.

चाकांच्या क्रमाबद्दल सर्वसाधारण रीत म्हणजे मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून मागचं डावं. पण बऱ्याच मोटारींत ब्रेकच्या दोन लाइनी तिरक्या विभागलेल्या असतात आणि कंपनीने क्रमही वेगळा दिलेला असतो. तिथे मॅन्युअल म्हणेल तो क्रम.

पिकअप आणि मालवाहू गाड्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांच्या मागच्या एक्सलजवळ भार ओळखणारा वॉल्व्ह असतो. गाडी रिकामी असेल तर मागच्या चाकांना कमी दाब द्यायचा, भरलेली असेल तर जास्त, हे त्याचं काम. बॉडीला जॅक लावून गाडी उचलली की एक्सल खाली लोंबतो, वॉल्व्हला वाटतं गाडी अगदी रिकामी आहे, आणि तो मागची वाट आवळून टाकतो. मेस्त्री निपल उघडून बसतो आणि ऑइल थेंबथेंब येतं. गाडी चाकांवर उभी ठेवून किंवा एक्सलखाली आधार देऊन काम केलं की ऑइल सुटतं. काही गाड्यांत या वॉल्व्हलाही स्वतःचं निपल असतं आणि तिथे कोणी बघतच नाही.

डावा कॅलिपर उजवीकडे

आता ज्या दोषाने सगळ्यात जास्त ऑइल आणि वेळ वाया जातो, तो बघू. कॅलिपर खोलून धुऊन किंवा नवे आणून बसवले, काम स्वच्छ झालं, निपलमधून बुडबुडा नसलेलं स्वच्छ ऑइल येतंय, आणि पेडल मात्र मऊच. अशा वेळी खाली वाकून फक्त एक गोष्ट बघावी: निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला आहे की खालच्या?

अनेक मोटारींचे डावे-उजवे कॅलिपर एकमेकांचं आरशातलं प्रतिबिंब असतात. दोन्ही दोन्हीकडे बसतात, बोल्टही जुळतात. फरक एवढाच की अदलाबदल झाली तर निपल खाली जातं. हवा नेहमी वर चढते. पिस्टनच्या मागे वरच्या भागात हवेचा खिसा तसाच राहतो आणि खालच्या निपलातून ऑइल तेवढं बाहेर पडतं. पाच लिटर ओतलं तरी तो खिसा हलणार नाही. बुडबुडे दिसत नाहीत म्हणून मेस्त्रीला वाटतं पुढची चाकं झाली, आणि तो मास्टर सिलिंडर बदलायला सांगतो. मालकाच्या खिशाला चाट बसते ती इथे.

उपाय म्हणजे कॅलिपर आपापल्या बाजूला लावणं. बरेचदा अंगावर डावा-उजवा ओळखायची खूण असते. नसली तरी निपल वर, हा नियम पुरतो. पाइप जोडताना तांब्याचे वायसर नवे घ्यावेत आणि होज पाइपला पीळ पडलेला नाही ना ते बघावं. काही गाड्यांत, विशेषतः मागच्या डिस्कवर, कॅलिपर योग्य बाजूला असूनही निपल अगदी टोकाला येत नाही. तिथे कॅलिपर सोडवून, पॅडच्या मध्ये लाकडाचा ठोकळा घालून, निपल वर येईल असा धरून एअर काढतात. ठोकळा विसरला तर पिस्टन बाहेर येतो आणि काम दुप्पट होतं.

हवा हट्टीच असेल तर गुरुत्वाकर्षणावर सोडून द्यावी. टाकीचं झाकण काढायचं, निपल उघडायचं, पाइप बाटलीत सोडायचा आणि दहा-पंधरा मिनिटं ऑइल आपोआप गळू द्यायचं. टाकीवर मात्र नजर ठेवायची. मधूनमधून कॅलिपरवर पान्याच्या दांड्याने हलकेच टकटक केली की चिकटलेले बुडबुडे सुटतात.

काहीजण रात्रभर पेडल लाकडाने दाबून ठेवतात आणि सकाळी ते कडक झालं म्हणून खूश होतात. दाबाखाली थोडी हवा ऑइलमध्ये विरघळते, पण ती बाहेर गेलेली नसते. शिवाय रात्रभर ब्रेकलाइट चालू राहून सकाळी बॅटरी उतरलेली, तो भाग निराळा.

एकेक वाट बंद करून शोध

तरीही पत्ता लागत नसेल तर पोलिसी पद्धत: नाकाबंदी. प्रत्येक चाकाकडे जाणाऱ्या रबरी होज पाइपला गुळगुळीत तोंडाचा होज क्लॅम्प लावून एकेक वाट बंद करायची. सगळ्या बंद केल्यावर पेडल वर आणि घट्ट आलं, तर मास्टर सिलिंडरपासून क्लॅम्पपर्यंतचा भाग ठीक. मग एकेक क्लॅम्प सोडत जायचं. ज्या चाकाचा सोडल्यावर पेडल धपकन खाली जातं, चोर तिथे आहे. यासाठी दातेरी पकड वापरू नये, पाइप आतून फाटतो. पाइप जुना, भेगाळलेला असेल किंवा वरून धातूची जाळी असेल तर क्लॅम्प लावूच नये. भेगाळलेला पाइप तर तसाही बदलायचाच असतो. मागच्या वेळी कधी बदलला ते कोणाला आठवत नसेल, तर पेडल दाबून धरायला सांगून तो हातात धरून बघावा. फुगताना बोटाला कळतो.

सगळे क्लॅम्प लावूनही पेडल मऊच राहिलं, तर मास्टर सिलिंडरकडे वळायचं. त्याच्या पाइपा काढून तोंडं योग्य आट्यांच्या प्लगने बंद करायची. पेडल तरीही दबतंय, तर आत हवा आहे किंवा रबरं गेली आहेत. टाकी रिकामी झालेली असेल किंवा नवा सिलिंडर कोरडाच बसवला असेल, तर आतली हवा चाकांपर्यंत ढकलत नेण्यापेक्षा सिलिंडर बाकावर धरून, त्याच्या तोंडातून निघणाऱ्या छोट्या पाइपा त्याच्याच टाकीत सोडून, बुडबुडे थांबेपर्यंत पिस्टन सावकाश दाबावा. दहा मिनिटांचं काम आहे, पण टाळलं जातं.

जुन्या गाडीत आणखी एक धोका असतो. रोजच्या वापरात पिस्टन सिलिंडरच्या पुढच्या टोकापर्यंत कधी जात नाही, त्यामुळे तिथे गंज आणि मळ साचलेला असतो. एअर काढताना पेडल पार तळापर्यंत मारलं की रबर त्या खरखरीत भागावरून घासतं आणि कापलं जातं. सकाळी आलेली गाडी ठीक, संध्याकाळी पेडल खाली बसायला लागलं, याचं कारण बरेचदा हे. पेडलखाली लाकडाचा छोटा ठोकळा ठेवून दाबलं तर ते टळतं. मास्टर सिलिंडर मागच्या बाजूने गळला तर ऑइल थेट बूस्टरमध्ये जातं आणि जमिनीवर एक थेंबही दिसत नाही, फक्त टाकीतली पातळी उतरत राहते.

एबीएसच्या गाड्यांत हवा पंपाच्या ब्लॉकमध्ये अडकू शकते. २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं आहे, त्यामुळे हा प्रश्न आता सगळ्यांचा आहे. त्या ब्लॉकमधले काही वॉल्व्ह एरवी बंद असतात, म्हणून साध्या पद्धतीने तिथली हवा हलत नाही. स्कॅनर लावून पंप आणि वॉल्व्ह फिरवत एअर काढावी लागते. स्कॅनर नसलेल्या गॅरेजने हे स्पष्ट सांगून गाडी दुसरीकडे पाठवली, तर त्यात त्याचा कमीपणा नाही. मात्र नुसते पॅड किंवा लायनर बदलले असतील आणि टाकी कोरडी पडली नसेल, तर एबीएसच्या नावाने बिल वाढवायला सहसा कारण नसतं.

ऑइलच चुकीचं असेल तर

टाकीचं झाकण उघडल्यावर आतलं रबर फुगून वेडंवाकडं झालेलं दिसलं, तर पाना खाली ठेवावा. कोणीतरी ब्रेक ऑइलच्या जागी इंजिनचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल टाकलं असणार. खनिज तेलाने ब्रेकची रबरं फुगतात आणि मऊ पडतात. खात्री करायची तर टाकीतलं थोडं ऑइल काचेच्या ग्लासात पाण्यावर सोडावं. नेहमीचं ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, खनिज तेल वर तरंगतं. तरंगलं तर धुऊन भागत नाही. जिथे जिथे ते पोहोचलं तिथली सगळी रबरं आणि होज पाइप बदलावे लागतात. खर्च मोठा आहे, पण इथे तडजोडीला जागा नाही.

पाण्यात मिसळण्याचा हाच गुण घाटात वैरी ठरतो. डॉट ३, डॉट ४ ही ऑइलं हवेतला ओलावा शोषून घेतात. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस आणि डॉट ४ चा २३० असावा लागतो. सुमारे पावणेचार टक्के पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंश आहे. लांब उतारावर ब्रेक सतत दाबलेला असला की कॅलिपर तापतो, आतलं पाणी उकळतं, वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दाबली जाते. गावात घट्ट असणारं पेडल अनमोडच्या वळणावर तळाला जातं ते यामुळे. गाडी थंड झाल्यावर ते पुन्हा वर येतं आणि गॅरेजमध्ये कोणालाच दोष सापडत नाही. बहुतेक कंपन्या साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात. कोकण-गोव्याच्या दमट हवेत ते त्याहून लांबवू नये. अर्धवट वापरून कपाटात ठेवलेला डबा आणि बाटलीत काढलेलं जुनं ऑइल, दोन्ही गाडीत परत ओतायच्या लायकीचे नाहीत.

पेडल वाटेतच बसायला लागलं, तर भरभर मारून मिळेल तेवढा दाब घ्यायचा, एकेक गिअर खाली आणून इंजिनने वेग तोडायचा, हँडब्रेक झटक्यात न ओढता बटण दाबून ठेवून हळूहळू लावायचा. इंजिन बंद करायचं नाही. बूस्टर आणि स्टिअरिंगची मदत त्यावर चालते.

गॅरेजमधून गाडी घेताना मालकाने स्वतः दोन मिनिटं काढावीत. इंजिन चालू ठेवून पेडल घट्ट दाबायचं आणि मिनिटभर तसंच धरायचं. ते खाली सरकता कामा नये. तेवढ्यात दुसऱ्याने चारही चाकांच्या आतल्या बाजूला, निपलपाशी आणि पाइपांच्या जोडांवर ओल आहे का बघावं. सांडलेलं ऑइल पाण्याने धुवावं, नाहीतर रंग उठतो. मग सपाट मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने दोन-चार ब्रेक, त्यानंतर थोड्या वेगाने, गाडी एका बाजूला ओढते का ते बघत. टाकीतल्या पातळीवर पेनाने खूण करून दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा बघायची. खुणेपेक्षा खाली गेली असेल तर गोव्याचा बेत आठवडाभर पुढे ढकलायचा.